आधी चेंडू, मग नियम

अंगणात प्लास्टिकच्या चेंडूने खेळायच्या बेसबॉलचे नियम लिहायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो तो नियम आणायचे कुठून, हा. वरवर पाहता उत्तर सोपे आहे. बेसबॉलचे नियमपुस्तक घ्यावे, मैदानाची मापे आखडावीत, खेळाडू कमी करावेत, अंगणात मावणार नाही ते गाळावे. उरेल तो आपला खेळ. या प्रस्तावनेत मला नेमकी याच्या उलट बाजू मांडायची आहे. अमेरिकेत ज्याला व्हिफल बॉल म्हणतात त्या खेळाचे नियम बेसबॉलची छोटी आवृत्ती म्हणून लिहिले, तर चुरशीच्या दोन-चार सामन्यांतच तो खेळ लंगडा पडतो. हा खेळ एका विशिष्ट चेंडूतून जन्मला. तो चेंडू मुळातच फेकणाऱ्याच्या, म्हणजे पिचरच्या बाजूचा आहे. स्पर्धेत टिकून राहिलेला जवळजवळ प्रत्येक नियम हा पक्षपात भरून काढण्यासाठी आलेला आहे. म्हणून नियमपुस्तकाचे पहिले पान चेंडूचे असावे, मैदानाचे त्यानंतर. एवढे सूत्र हाती धरले तर पुढची कलमे घोकावी लागत नाहीत. ती का आली ते समजते, आणि त्यांतली कुठली बदलण्यासारखी आहेत व कुठल्यांना हात लावू नये, तेही समजते.

चेंडूची गोष्ट 1953 सालची, कनेटिकट राज्यातल्या फेअरफील्ड गावची. डेव्हिड एन. मलॅनी हे कॉलेजात आणि पुढे अर्धव्यावसायिक संघांतून पिचिंग केलेले गृहस्थ. त्यांचा 12 वर्षांचा मुलगा आणि त्याचे मित्र घरामागच्या अंगणात झाडूचा दांडा आणि गोल्फच्या सरावाचा सच्छिद्र प्लास्टिकचा चेंडू घेऊन बेसबॉल खेळत. खरा बेसबॉल त्यांनी सोडून दिला होता, आणि त्याची कारणे पुढच्या सगळ्या चर्चेसाठी महत्त्वाची आहेत: दोन संघ भरतील इतकी मुले नव्हती, पुरेसे मोठे मैदान नव्हते, आणि खिडक्यांच्या काचा फुटत. त्या छोट्या चेंडूला वळण द्यायच्या खटाटोपात मुलाचा खांदा आणि हात पार गळून जाई. बापाने जवळच्या कारखान्यातून अत्तराच्या वेष्टनासाठी बनवलेले प्लास्टिकचे गोल भाग मिळवले, त्यांना निरनिराळ्या तऱ्हांनी भोके पाडून दिली आणि मुलाला फेकून बघायला सांगितले. एका अर्ध्या भागावर आठ लांबट भोके आणि दुसरा अर्धा भाग सबंध, ही रचना सर्वांत चांगली वळली. तीच रचना आजही कायम आहे. त्याच राज्यातल्या शेल्टन इथल्या कारखान्यात मलॅनी घराण्याची कंपनी हा चेंडू बनवते, आणि 2017 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय खेळणी-दालनात त्याला मानाचे स्थान मिळाले. या हकिगतीतला कळीचा तपशील असा की चेंडू बनला तो मारण्याच्या सोयीसाठी बनला नाही. कोवळ्या हाताला फारसे कष्ट न पडता चेंडू वळावा, हाच त्यामागचा हेतू होता. पिचरची सोय ही या खेळाच्या जन्मातच आहे.

ही सोय किती मोठी आहे हे वजनावरून कळते. बेसबॉलचा चेंडू 142 ते 149 ग्रॅमचा असतो. जवळपास तेवढ्याच आकाराचा हा पोकळ चेंडू भरतो सुमारे 20 ग्रॅम, म्हणजे सातवा हिस्सा. आकार सारखा असल्याने हवेचा रेटा दोघांवर साधारण सारखा बसला, तरी हलक्या चेंडूवर त्याचा परिणाम सातपट होतो. म्हणून हा चेंडू कितीही जोराने मारला तरी लवकर दमतो आणि शेजारच्या काचेपर्यंत पोचला तरी ती फोडत नाही. आणि त्याच कारणाने तो हवेत विलक्षण वळतो. एका बाजूची भोके त्यात आणखी भर घालतात. पेनसिल्व्हेनियातल्या लाफाएट कॉलेजच्या प्राध्यापिका जेन रॉसमन यांनी पवन-बोगद्यात या चेंडूचा अभ्यास केला आहे. बाहेरून वाहणारी हवा भोकांच्या बाजूने आणि सबंध बाजूने वेगवेगळी वागते, शिवाय भोकांतून आत शिरलेली हवा पोकळीत भोवरे करते, आणि या दोन परिणामांच्या ओढाताणीतून चेंडूचे वळण ठरते, असे त्यातून दिसते. बेसबॉलमध्ये वळण हवे तर चेंडूला गिरकी द्यावी लागते आणि ती विद्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीने हाती येते. इथे भोके कुठल्या बाजूला ठेवून चेंडू धरला, यानेच बरेचसे काम होते. नवख्या मुलाचा चेंडूही वळतो. कसलेल्या पिचरचा तर बॅटरच्या अंगावर आल्यासारखा भासून ऐनवेळी बॅटरजवळच्या पट्टीच्या कोपऱ्यावरून आत शिरतो. मारणाऱ्याच्या हाती मात्र 32 इंचांची बारीक, पिवळी, पोकळ प्लास्टिकची बॅट. लढत आरंभापासून असमान आहे.

आता कंपनीने सुरुवातीच्या काळात ठरवलेले नियम या नजरेने वाचावेत. खेळायला कमीत कमी माणसे दोन: एक पिचर, एक बॅटर. जास्तीत जास्त एका बाजूला पाच. धावायचे नाही, बेसवर उभे असलेले धावपटू काल्पनिक. बॅटरपासून सुमारे 24 फुटांवर पहिली खूण, तिच्यापुढे वीस-वीस फुटांवर आणखी दोन. पहिल्या खुणेच्या आत पडलेला आणि न अडवलेला फटका एका बेसचा, पुढच्या पट्ट्यातला दोनचा, त्यापुढचा तीनचा, आणि शेवटच्या खुणेपलीकडे गेला की होम रन. घरंगळणारा चेंडू चालता असतानाच अडवला तर बॅटर बाद. फटका न मारता बॅट नुसती आडवी धरून चेंडू थोपवायला मनाई. आणि सर्वांत बोलका नियम असा की बॅटर तीन स्ट्राइकवर बाद होतो तो स्वतः बॅट फिरवून चुकला तरच. उभा राहून सोडलेल्या चेंडूवर त्याला बाद देता येत नाही. बेसबॉलची काटछाट म्हणून पाहिले तर ही यादी विस्कळीत वाटते. अंगणातल्या उणिवांच्या बाजूने पाहिली की ती एकदम सुसंगत होते. माणसे नाहीत म्हणून धावपटू काल्पनिक; क्षेत्ररक्षक थोडे म्हणून अंतरांच्या खुणा; पंच नाही म्हणून स्ट्राइक पुकारण्याचा वादच नको; आणि चेंडू पिचरच्या बाजूचा, म्हणून सोडून देण्याची मोकळीक बॅटरला. प्रत्येक नियम कशाची तरी जागा भरून काढतो.

ही घडी अंगणापुरती चोख होती. जिंकण्याची ओढ वाढली तेव्हा ती पुरेनाशी झाली. 1980 साली इंडियाना राज्यातल्या मिशावाका इथे या खेळाची जागतिक म्हणवली जाणारी स्पर्धा सुरू झाली. पुढे ठिकठिकाणी लीग निघाल्या. मिशिगनमधल्या ब्रायटनच्या मुलांनी 2009 मध्ये घरगुती पातळीवर सुरू केलेली लीग तर चित्रफितींमुळे देशभर पोचली. स्पर्धेत एक साधी गोष्ट घडते. सोडलेल्या चेंडूची शिक्षा नसेल तर शहाणा बॅटर हवा तसा चेंडू येईपर्यंत थांबून राहतो आणि सामना तिथेच तुंबतो. ही अडचण नवी नाही. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने 1845 मध्ये लिहिलेल्या नियमांतही बॅटरने न मारलेल्या चेंडूला स्ट्राइक म्हणायची तरतूद नव्हती. थांबून राहणाऱ्या बॅटरांना आवर घालायला ती 1858 मध्ये आणावी लागली. मग पिचरही मुद्दाम बॅटरच्या आवाक्याबाहेर चेंडू टाकू लागले, तेव्हा 1860 च्या दशकात चुकार चेंडू मोजणे आले, आणि चार चुकार चेंडूंवर फुकट बेस हा आजचा हिशेब पक्का व्हायला 1889 उजाडले. व्हिफल बॉलने तीच वाट धरली, फक्त पंचाऐवजी एक फळी उभी केली. बॅटरच्या मागे, जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर, ठरावीक मापाची चौकट. न मारलेला चेंडू तिला लागला की स्ट्राइक, नाही लागला की चुकार. झेल घेणारा कॅचर नको, पंच नको, हुज्जत नको. नवी गरज अंगणाच्या जुन्या शिस्तीतच भागवणारा हा नियम मला या खेळातला सर्वांत देखणा नियम वाटतो.

पण फळी आली आणि पिचरचे पारडे आणखी जड झाले. आता सोडलेला चेंडूही बॅटरला बाद करू लागला. म्हणून अंतर आणि वेग यांचा विचार टाळता येत नाही. बेसबॉलमध्ये पिचरची पट्टी 60 फूट 6 इंचांवर असते. व्हिफल बॉलच्या बहुतेक स्पर्धांत ती 45 फुटांच्या आगेमागे असते. हवेचा रोध क्षणभर बाजूला ठेवून हिशेब केला तर 45 फुटांवरून ताशी 70 मैलांनी सुटलेला चेंडू साधारण 0.44 सेकंदांत बॅटरपाशी पोचतो. मोठ्या बेसबॉलमध्ये पूर्ण अंतरावरून ताशी 90 मैलांनी आलेल्या चेंडूला 0.46 सेकंद लागतात. हलका प्लास्टिकचा चेंडू वाटेत बराच मंदावतो हे खरे. पण तो त्याच वाटेत वळतोही कितीतरी अधिक. थोडक्यात, अंगणातला बॅटर निव्वळ वेळेच्या हिशेबाने व्यावसायिक खेळाडूच्या पंगतीला बसतो आणि वर त्याला अधिक फसवा चेंडू खेळावा लागतो. यातूनच स्पर्धांच्या दोन तऱ्हा झाल्या: वेगाला मोकळीक देणारी आणि वेगाला मर्यादा घालणारी. पहिलीत एकेका धावेसाठी झगडा होतो आणि बॅटर भराभर बाद होतात. दुसरीत फटके दिसतात, झेल दिसतात, क्षेत्ररक्षणाला अर्थ येतो. पहिलीची चुरस मी नाकारत नाही. नव्याने खेळू पाहणाऱ्या गटाने मात्र दुसरीपासून सुरुवात करावी, कारण तिथे पाचही खेळाडूंना काम मिळते.

चेंडू खरवडण्याचा प्रश्न याच्याही आधीचा. चेंडूचा सबंध भाग काँक्रीटवर घासला किंवा त्यावर पात्याने चरे पाडले, तर त्याच्याभोवतीची हवा वेगळी वाहते आणि वळण बदलते, वाढते, पिचरच्या ताब्यात अधिक येते. अनेक स्पर्धांत हे चालते आणि चेंडू तयार करणे ही एक वेगळी विद्याच बनली आहे. काही ठिकाणी मात्र कोराच चेंडू लागतो. बेसबॉलने हा वाद शंभर वर्षांपूर्वी सोडवला: 1920 मध्ये चेंडूला थुंकी किंवा इतर काही लावण्यास आणि तो खरवडण्यास बंदी आली, आणि आधीपासून थुंकीच्या चेंडूवर पोट भरणाऱ्या मोजक्या पिचरांनाच सवलत राहिली. प्लास्टिकच्या खेळात सरसकट बंदी व्यवहार्य नाही, कारण दगडगोट्यांच्या अंगणात चेंडू आपोआपच घासला जातो. म्हणून माझे म्हणणे असे की चेंडू कुणाचा, हे आधी ठरवावे. चेंडू आयोजकांनी पुरवलेले आणि दोन्ही संघांना सामाईक असले, तर त्यांवर कितीही ओरखडे असले तरी अन्याय कुणावर होत नाही. पिचर खिशातून स्वतःचा चेंडू काढू लागला की प्रतिस्पर्ध्याला ज्याची कल्पना नाही असे हत्यार मैदानात येते. चेंडूवर ओरखडे किती, यापेक्षा तो दोघांचा आहे की एकाचा, याला नियमात अधिक वजन हवे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलक्यात घेण्याजोगा नाही. पिचरने मेहनतीने कमावलेला वेग आणि वळण यांवर मर्यादा घालणे म्हणजे कौशल्याला दंड करणे नव्हे काय? याला उत्तर बेसबॉलच्याच इतिहासात आहे. हाताने वरून चेंडू फेकायची मुभा नॅशनल लीगने 1884 मध्ये दिली; पिचर वरचढ झाले, आणि 1893 मध्ये त्यांना आजच्या अंतरावर मागे सरकवण्यात आले. 1968 च्या मोसमात पिचरांचे वर्चस्व इतके वाढले की सेंट लुइसच्या बॉब गिब्सनने दर नऊ डावांमागे सरासरी 1.12 धावाच दिल्या. लगेच 1969 साठी पिचरच्या उंचवट्याची कमाल उंची 15 इंचांवरून 10 इंचांवर आणली आणि स्ट्राइकची चौकट लहान केली. गिब्सनचे मोठेपण त्याने उणावले नाही. खेळ दोन पक्षांचा असतो; एका पक्षाचे कौशल्य दुसऱ्याला कौशल्य दाखवायची संधीच ठेवत नसेल तर सामना उरत नाही, प्रात्यक्षिक उरते. मर्यादेत राहून बॅटरला चकवणे हेही कौशल्यच आहे, आणि वेगाला मर्यादा असलेल्या स्पर्धांतले पिचर वळण, उंची आणि गती यांच्या अदलाबदलीने ते रोज सिद्ध करतात.

दुसरा आक्षेप धावण्याचा. धावपटूच नाही तो कसला बेसबॉल, असे बेसबॉलप्रेमी विचारतात, आणि काही लीगनी खरेच धावण्याची सोय ठेवली आहे. जागा आणि माणसे असतील तर तिला माझा विरोध नाही. पण काल्पनिक धावपटू म्हणजे केवळ नाइलाजाची तडजोड, हे मला मान्य नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या किनाऱ्यावर 1950 च्या दशकापासून ओव्हर-द-लाइन नावाचा खेळ खेळला जातो. तिघा-तिघांचे संघ, वाळूत आखलेल्या रेषा, आणि बेसकडे कुणीच धावत नाही. त्याची मोठी वार्षिक स्पर्धा सत्तरहून अधिक वर्षे चालू आहे आणि न धावल्याने तिची चुरस कमी झालेली दिसत नाही. धावणे गाळले की सगळा भार पिचर आणि बॅटर यांच्या समोरासमोरच्या लढतीवर येतो, आणि हा चेंडू नेमका त्याच लढतीसाठी घडलेला आहे. शिवाय धावणे ठेवले तर प्रत्येक बेसवर निवाडा करायला कुणीतरी लागते, आणि फळीने मिटवलेली हुज्जत मागल्या दाराने परत येते. धावणे गाळायचे तर मात्र एक गोष्ट लिहून ठेवलीच पाहिजे: एका बेसच्या फटक्यावर दुसऱ्या बेसवरचा काल्पनिक धावपटू घरी येतो की तिसऱ्यावर थांबतो. एवढ्या एका ओळीने सामन्याची धावसंख्या पालटते.

तिसरा आक्षेप सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. अंगणातला खेळ मुलांनी खेळता खेळता रचायचा असतो; तो कलमांत बांधला की त्याचा जीव जातो, असे अनेकांना मनापासून वाटते. मराठी वाचकाने या ठिकाणी आपल्याकडच्या अनुभवाकडे पाहावे. खो-खोला नियमांची चौकट पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 च्या सुमारास दिली, आणि त्यामुळेच शाळेच्या पटांगणातला हा खेळ गावोगावच्या संघांना एकमेकांशी खेळता आला. कबड्डीचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार होते. बाद झालेला गडी परत येतो की नाही, की तो मैदानातच राहतो आणि फक्त गुण मोजले जातात, यावर त्यांचे वेगळेपण ठरे. पुढे संघटित स्पर्धा संजीवनीच्या अंगाने वाढल्या, तरी गल्लीतली मुले आपल्या सोयीने खेळतच राहिली. लिहिलेला नियम अंगणातल्या नियमाला हुसकावून लावत नाही. एरवी एकमेकांच्या अंगणात कधी न गेलेल्या दोन गटांना तो एका पातळीवर आणतो, एवढेच त्याचे काम.

म्हणून जागेच्या वेगळेपणाला नियमपुस्तकात मानाने स्थान हवे. झाडाला लागलेला फटका, छपरावर अडकलेला चेंडू, कुंपणावरून आत परतलेला चेंडू, यांचे निवाडे प्रत्येक अंगणात वेगळे होणार आणि तसेच व्हावेत. मोठ्या बेसबॉलमध्येही मैदाने सारखी नाहीत. बॉस्टनच्या फेनवे पार्कची डाव्या बाजूची 37 फुटी हिरवी भिंत तर त्या मैदानाची ओळख आहे. व्हरमाँट राज्यात एका घराच्या आवारात याच फेनवेची छोटी प्रतिकृती 2001 मध्ये व्हिफल बॉलसाठी उभी राहिली, आणि तिथे होणाऱ्या स्पर्धांतून मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी मोठा निधी जमला. याच्या उलट 2008 मध्ये कनेटिकटच्या ग्रिनिचमध्ये काही मुलांनी नगराच्या मोकळ्या भूखंडावर असेच मैदान रचले, तेव्हा शेजाऱ्यांच्या तक्रारींवरून वाद पेटला आणि देशभर त्याची बातमी झाली. खेळाच्या वेळा, आवाज, शेजाऱ्यांच्या हद्दीत चेंडू आणायला जाण्याची रीत, हेही म्हणूनच जागेच्या नियमांत लिहावे. ज्या अंगणाच्या भोवतालची माणसे खेळाला राजी नाहीत तिथे कुठलेच नियमपुस्तक चालत नाही.

या पुस्तकातली कलमे याच क्रमाने वाचावीत अशी माझी विनंती आहे. आधी चेंडू: कोणता, कुणाचा, कोरा की घासलेला. मग पिचरचे अंतर आणि वेगाची मर्यादा. मग फळीचे माप आणि फुकट बेससाठी लागणाऱ्या चुकार चेंडूंची संख्या. या तीन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत: घासलेला चेंडू चालणार असेल तर फळी लहान करा किंवा वेग आवरा, वेगाला मोकळीक देणार असाल तर पिचरला मागे न्या. एक बदलून बाकीच्या तशाच ठेवल्या की तोल जातो. खुणांची अंतरे, डावांची संख्या, संघातली माणसे हे सगळे नंतर, आणि तिथे प्रत्येक गटाने हवे ते बदल बिनधास्त करावेत. अमेरिकेतल्या मराठी घरांच्या मागच्या अंगणात असो वा आपल्याकडच्या एखाद्या सोसायटीच्या आवारात, बदलाच्या प्रत्येक प्रस्तावाला एकच कसोटी लावावी: याने पिचर आणि बॅटर यांच्यातली असमानता कमी होते की वाढते? कमी होत असेल तर तो नियम बेसबॉलच्या पुस्तकात नसला तरी घ्यावा. वाढत असेल तर तो त्या पुस्तकातला असला तरी सोडावा.